युवा प्रतिनिधी, वय अठ्ठावन्न

आमच्या भाजीपाला उत्पादक सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर युवकांसाठी एक जागा राखीव आहे. त्या जागेवर बसणारा गृहस्थ गुडघ्याला पट्टा बांधून येतो, चष्मा घरी राहिला तर समोरच्याला आवाजावरून ओळखतो आणि थोरल्या मुलीकडून त्याला नातवंडं झालेली आहेत. संस्थेत सगळे त्याला 'युवा' म्हणतात. हमाल 'युवाकाका' म्हणतात आणि हमालांची पोरं 'युवाआजोबा'. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. सवय झाली की माणसाला कशातच काही वावगं वाटत नाही, हे या संस्थेचा सचिव म्हणून उभं आयुष्य काढल्यावर मी खात्रीनं सांगू शकतो.

युवा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी वाणिज्य शाखेला गेलो, तो शेतात गेला. येत्या वर्षअखेरीला मी वयोमानानुसार निवृत्त होणार आहे. तो माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा, पण तो युवक असल्यामुळे त्याच्या निवृत्तीचा प्रश्न कधी आलाच नाही.

हे झालं कसं, ते सांगतो. तो मंडळावर आला तेव्हा खरोखरच तरुण होता. डोक्यावर केस असे की कंगवा अडकून बसायचा. शेतीत तरुणांनी यायला हवं, असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं. आताही बोललं जातं, बोलणारेही तेच आहेत. मंडळानं मोठ्या मनानं एक जागा निर्माण केली. पोटनियमात लिहिलं की युवा प्रतिनिधी सभासद असला पाहिजे आणि पुढचा तरुण सभासद येईपर्यंत त्यानं काम पाहावं. आता सभासदत्वाचा नियम असा, की एका घराला एक शेअर. तो मुलाकडे किंवा मुलीकडे जायचा तर बापानं तो द्यायला हवा, नाहीतर मरायला हवं. आमचे सभासद शेअर द्यायला तयार नव्हते आणि मरायलाही. भाजीपाला चांगला असला की माणसं टिकतात. युवाचे वडील तेवढे लवकर गेले, म्हणून तो सभासद झाला. त्याच्यानंतर कोणी झालंच नाही. सभासद क्रमांकात त्याचा नंबर शेवटचा, तो शेवटचाच राहिला.

दर वार्षिक सभेत अध्यक्ष समोरच्या पांढऱ्या डोक्यांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "युवा प्रतिनिधीसाठी कोणी नवीन तरुण आहे का?" सभागृहात सभासदांशिवाय कोणाला प्रवेश नसल्यामुळे तरुण तिथे असण्याची शक्यताच नव्हती. मग अध्यक्ष म्हणायचे, "तरुणांना आवडच नाही हो," आणि सगळे माना हलवायचे.

युवा प्रतिनिधीची कामं दोन. एक म्हणजे खुर्च्या. सभेआधी कोपऱ्यात रचलेल्या लोखंडी खुर्च्या मांडायच्या, सभेनंतर परत रचायच्या. तरुण माणूस असताना वडीलधाऱ्यांनी खुर्च्या उचलायच्या हे बरं दिसत नाही, असं पहिल्याच सभेत ठरलं होतं, आणि मग ते कोणी बदललं नाही. आता खुर्ची उचलताना त्याचा गुडघा असा वाजतो की खजिनदार दाराकडे बघतात. दुसरं काम अनुमोदनाचं. कुठलाही ठराव मंजूर व्हायला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचना मांडायचा मान ज्येष्ठांचा. ते झाले की अध्यक्ष नुसतं "हं, युवा," म्हणायचे आणि युवा म्हणायचा, "माझं अनुमोदन." इतिवृत्ताची पानं चाळली तर सूचक बदलत जातात, काही थकून मंडळ सोडतात, त्यांच्या आभाराच्या ठरावाचे सूचक वेगळे असतात. अनुमोदक मात्र सगळीकडे एकच. संस्थेची नवी इमारत, तिचं गळणारं छप्पर, ते छप्पर बांधणाऱ्या कंत्राटदाराचा सत्कार, या सगळ्याला त्याचं अनुमोदन आहे.

माणूस दुःखी होता असं मात्र कोणी समजू नये. त्याला त्या जागेचा अभिमान होता. बायकोनं केस काळे करायला सांगितले तर म्हणायचा, "मला काय गरज? माझं संस्थेत लिहिलेलं आहे."

आता काट्याच्या रांगेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

आमच्या शेडमध्ये रोज सकाळी माल मोजला जातो आणि मग शहराच्या व्यापाऱ्याचा ट्रक तो घेऊन जातो. कुठल्याही शहाण्या ठिकाणी जो आधी आला त्याचा माल आधी मोजतात. आमच्याकडे सभासद क्रमांकाप्रमाणे मोजतात. नंबर एक म्हणजे अध्यक्ष. ते बटाटे लावतात. मापारी खणखणीत आवाजात "नंबर एक!" असं पुकारतो आणि अध्यक्ष काठी टेकत पुढे येतात, प्रत्येक पोत्याला हात लावतात आणि काट्याकडे अशा नजरेनं बघतात की काट्यानं उठून उभं राहावं. मग नंबर दोन. हे गृहस्थ टोमॅटो लावतात, आणि त्यांचं खरं नाव त्यांच्या सुनांनाही चटकन आठवत नाही. मग तीन, चार, असं करत करत शेवटी युवा. तोवर बहुतेक वेळा ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलेलं असतं.

म्हणून युवा भोपळे लावतो. पहिल्या हंगामात त्यानं पालक लावला होता, मला आठवतंय. जुड्या अशा हिरव्यागार की बघत राहावं. त्याचा नंबर येईपर्यंत त्या जुड्यांनी माना टाकल्या आणि ट्रकवाल्यानं नाक मुरडलं. आठवडाभर हेच झालं. पुढच्या हंगामात त्यानं भोपळा लावला आणि तो मग कायमचा लावला. भोपळ्याला रांगेचं काही वाटत नाही. तो आज मोजा, पुढच्या आठवड्यात मोजा, तसाच बसून राहतो.

गेल्या वर्षी युवाची धाकटी मुलगी परत आली. आम्ही तिला धाकटीच म्हणतो. शिकली, शहरात एका गोदामाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती, मालाची आवकजावक बघायची. एक दिवस बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला शेती करायची आहे. युवाची प्रतिक्रिया युवा प्रतिनिधीला शोभेल अशी होती. तो म्हणाला, "तुला वेड लागलंय का?"

तिनं बापाकडे जमीन मागितलीच नाही. पडीक पडलेला आत्याचा तुकडा घेतला, दोन मैत्रिणींना बरोबर घेतलं, आणि पालक, कोथिंबीर, लेट्यूस अशी सगळी नाजूक मंडळी लावली. माल उत्तम आला. पण ती सभासद नव्हती, त्यामुळे माल बापाच्या नंबरावर आणायचा, आणि बापाचा नंबर शेवटचा.

पहिल्या दिवशी ती ओल्या गोणपाटाखाली क्रेट झाकून उभी होती. काट्यावर अध्यक्षांचे बटाटे होते. ती मापाऱ्याजवळ गेली.

"काका, हे बटाटे आज मोजले नाहीत तर काय होईल?"

"काय होणार? उद्या मोजू."

"उद्याही नाही मोजले तर?"

"परवा मोजू."

"आणि माझा पालक?"

मापाऱ्यानं गोणपाटाचं टोक उचलून आत बघितलं. "तो तर आत्ताच आडवा झालाय, पोरी."

"मग मला आधी घ्या ना."

"तुझा नंबर कुठला?"

"शेवटचा."

"मग शेवटी ये." मापारी वाईट माणूस नाही. त्यानं तिला बसायला एक पालथा क्रेट दिला.

अध्यक्ष हे ऐकत होते. ते म्हणाले, "थांबायला शिका. तुझा बाप थांबला, काही बिघडलं का त्याचं?"

धाकटीनं बापाकडे बघितलं. बाप भोपळ्यांकडे बघत होता.

त्या हंगामात तिचा निम्मा माल रोज परत यायचा आणि एका हमालाच्या शेळ्यांच्या पुढ्यात जायचा. त्या शेळ्या अशा काही तुकतुकीत झाल्या की दुसरे हमाल त्याच्याकडे संशयानं बघायला लागले. लेट्यूस खाणाऱ्या शेळ्या आमच्या भागात प्रथमच पाहायला मिळाल्या. संस्थेच्या तरुणांसाठीच्या कार्यातून प्रत्यक्ष लाभ झालेला वर्ग विचाराल तर तो हाच.

एका संध्याकाळी मी युवाकडे सहज गेलो होतो. घरात वातावरण तापलेलं होतं. धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, युवा समोर. त्याची बायको आमच्याकडे पाठ करून ओट्याशी भांडी घासत होती, पण ज्या आवाजात घासत होती त्यावरून ती चर्चेत सहभागी आहे हे कळत होतं.

"बरं झालं आलात सेक्रेटरीकाका," धाकटी म्हणाली. "साक्षीदार हवाच होता. बाबा, तुम्ही युवा प्रतिनिधी आहात ना?"

"आहे."

"मी युवा आहे का?"

युवानं सापळा ओळखला, पण उशीर झाला होता. "आहेस."

"मग माझं प्रतिनिधित्व करा. रांग बदला. जे आधी नासतं ते आधी मोजा. एवढंच."

युवा माझ्याकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत त्याच्याकडे हे काम घेऊन कोणी आलंच नव्हतं. खुर्च्यांसाठी माणसं यायची.

"तसं नसतं ते," तो म्हणाला. "विषय मंडळासमोर यावा लागतो. कोणीतरी सूचना मांडावी लागते."

"मग मांडा."

"मी अनुमोदन देतो. सूचना दुसरे देतात."

ओट्याकडून आवाज आला, "लग्नातसुद्धा यांनी अनुमोदनच दिलं होतं. सूचना माझ्या वडिलांची होती."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? मी इतिवृत्त सांगतेय."

धाकटी हसली नाही. म्हणाली, "बाबा, खरं सांगते. गोदामवाले परत बोलावतायत. या महिन्याच्या आत कळवायचंय. रांग बदलली तर मी राहते. नाही बदलली तर आत्याला जमीन परत देते आणि जाते. शेळ्यांसाठी शेती करायला मी आलेली नाही."

"रांग म्हणजे रांग असते," युवा म्हणाला. "मीही थांबलोच की."

"तुम्ही थांबला नाहीत, बाबा. तुम्ही भोपळा लावलात."

भांड्यांचा आवाज थांबला. युवा उठला आणि अंगणात गेला. थोड्या वेळानं मीही गेलो. भिंतीशी भोपळ्यांचा ढीग होता, तो त्याच्याकडे बघत उभा होता.

"भोपळा वाईट नाही," तो म्हणाला.

"कोण म्हणतंय वाईट?"

"मला आवडतो."

"आवडतो?"

त्यानं जरा विचार केला. "आवडतो म्हणजे, तक्रार करत नाही."

निघताना त्यानं मला विचारलं, सूचना मांडायची म्हणजे नक्की काय म्हणायचं असतं. एवढी वर्षं ऐकत होता, पण आपली वेळ आल्यावर त्याला वाक्य आठवेना. मी म्हटलं, "उभं राहायचं आणि म्हणायचं, मी अशी सूचना मांडतो की." तो "मी अशी सूचना मांडतो की" असं दोनदा पुटपुटला आणि आत गेला.

पुढच्या सभेला तो नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला आणि नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या. सभेपुढचे विषय ठरल्याप्रमाणे झाले. छपराची गळती कायम असल्याची नोंद घेण्यात आली, त्याला युवाचं अनुमोदन. शेवटचा विषय म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. आमच्याकडे ऐनवेळी फक्त चहा येतो. त्यामुळे युवा उभा राहिला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "हं, जरा ती खिडकीही लावून घे."

"खिडकी नाही, अध्यक्षसाहेब. मी अशी सूचना मांडतो की."

खजिनदारांनी कप खाली ठेवला. युवा अडखळला, पण बोलला. काट्यावर माल नंबरानं न घेता नासण्याच्या क्रमानं घ्यावा. पालेभाजी आधी, मग टोमॅटो, वांगी असं काही, कांदे बटाटे भोपळे सगळ्यात शेवटी.

"म्हणजे पहिला नंबर पहिला नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजायला नाही."

एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, आजच्या पोरांना थांबायला नको. कोणी म्हणालं, आज रांग मोडतील, उद्या संस्था मोडतील. एक संचालक, ज्यांना मी जागं असताना क्वचित पाहिलंय, ते जागे होऊन म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाही."

अध्यक्षांनी काठी आपटली. "हे युवकांचं म्हणणं आहे ना? मग एखाद्या युवकानं येऊन मांडावं. इथे आहे का कोणी युवक?"

"मी आहे की," युवा म्हणाला.

सगळे हसले. आधी नंबर दोन हसले, मग सगळे. खजिनदार इतके हसले की त्यांना कवळी सावरावी लागली. युवा उभाच होता. इतकी वर्षं ज्या शब्दानं त्याला हाका मारल्या, त्याच शब्दाला आज लोक हसत होते. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. थांबायची सवय होतीच त्याला.

"हसा," तो म्हणाला. "पण एक सांगा. आज सकाळी या खुर्च्या कोणी मांडल्या?"

"तू."

"का?"

खजिनदार कवळी चाचपत राहिले.

"युवा म्हणून ना? मग खुर्च्या उचलताना मी तरुण आणि तोंड उघडलं की म्हातारा, हे कसं काय? दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा आणि सेक्रेटरींना लिहून घ्यायला सांगा."

चहा गार होत होता. अध्यक्षांनी घसा खाकरला. "बरं. सूचना आली. अनुमोदक कोण?"

आणि सवयीनं सगळ्यांनी युवाकडे बघितलं.

मी 'सूचक' या शब्दापुढे त्याचं पद लिहिलं होतं, या संस्थेत प्रथमच. 'अनुमोदक' लिहिलं आणि पेन हवेत धरून बसलो. मंडळाची खरी पंचाईत झाली होती. विरोध कसा करायचा हे त्यांना येत होतं, सूचना कशी मांडायची हेही येत होतं. अनुमोदन द्यायची वेळ मात्र त्यांच्यापैकी कोणावरही कधी आली नव्हती. ज्याचं ते काम, तो सूचना मांडून मोकळा झाला होता. संचालक एकमेकांकडे असे बघत होते, जणू घरातला रोज गाडी चालवणारा माणूस मागच्या सीटवर जाऊन बसलाय.

"अनुमोदन नसेल तर विषय संपला," अध्यक्ष म्हणाले. त्यांना चहा दिसत होता.

"माझं अनुमोदन."

हे नंबर दोन म्हणाले. अध्यक्ष सावकाश त्यांच्याकडे वळले. "तू?"

"हो, मी."

"आत्ता हसत होतास ना?"

"हसलो. हसणं वेगळं. आधी काय नासतं, टोमॅटो की बटाटा?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आयुष्यभर रोज सकाळी तुझी पाठ बघतोय मी," नंबर दोन म्हणाले. "कोटाच्या शिवणीचे टाकेसुद्धा ओळखतो. आता तू जरा माझी बघ. लिहा हो सेक्रेटरी."

मी लिहिलं. तरुणांचा प्रश्न आमच्या संस्थेत मार्गी लागला तो असा, एका म्हाताऱ्याच्या दुसऱ्या म्हाताऱ्यावरच्या जुन्या रागातून. याहून उदात्त कारण मिळालं असतं तर मला आवडलं असतं, पण मी इतिवृत्त लिहितो, घडतं तेवढंच लिहितो.

मतं घ्यायची वेळ आली. तेवढ्यात अध्यक्ष, काठीवर दोन्ही हात ठेवून, कोणाकडेही न बघता म्हणाले, "म्हणजे सकाळी मापारी माझा नंबर पुकारणार नाही."

तो आवाज काठी आपटणाऱ्याचा नव्हता. घरी त्यांना फारसं कोणी हाक मारत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सकाळी शेडमध्ये तेवढं नाव निघतं, तेही नंबर म्हणून.

उत्तर युवानं दिलं. रोज सगळ्यांचे नंबर पुकारून होईपर्यंत रांगेच्या टोकाला उभं राहिलेला माणूस तो. आधीच्या प्रत्येकाच्या तोंडावर त्या हाकेसरशी काय येतं, ते त्याच्याइतकं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"पुकारेल की, अध्यक्षसाहेब. सगळ्यांचे नंबर पुकारू, एकपासून. तुम्ही पुढे यायचं, हजर म्हणायचं. मग ती सगळी हजेरी झाली की पाला मोजायला घ्यायचा. हजेरी नंबरानं, माल नासण्यानं."

अध्यक्षांनी विचार केला. "मोठ्यानं पुकारायचं?"

"आतापेक्षा मोठ्यानं."

"आणि मी काठी टेकत येईपर्यंत दुसऱ्याचा नंबर पुकारायचा नाही."

"नाही पुकारणार."

"बघू," अध्यक्ष म्हणाले, आणि हात वर केला. त्यांचा हात वर गेल्यावर बाकीचे गेलेच.

सगळे चहाकडे वळले. युवा मात्र बसला नव्हता. "अजून एक आहे," तो म्हणाला. "माझा शेअर धाकटीच्या नावावर करायचाय."

खजिनदार घाबऱ्या आवाजात म्हणाले, "अरे पण तू जिवंत आहेस!"

"आहे की."

"डॉक्टर काही म्हणाले का?"

"नाही हो. शेअर दिला की तरुण सभासद आला. तरुण सभासद आला की माझी जागा सुटली. पोटनियमात आहे, विचारा सेक्रेटरींना."

मी मान हलवली. पोटनियमात ते पहिल्या दिवसापासून होतं. जिवंतपणी शेअर देता येतो हे वाचून सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी करेल असं वाटलं नव्हतं. एका संचालकानं जवळ येऊन युवाच्या खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा.

खजिनदारांना खरी काळजी शेवटी सुचली. "मग खुर्च्या?"

युवानं आपली खुर्ची उचलली, कोपऱ्यात नेऊन ठेवली, आणि बाकीच्यांच्या तशाच सोडून घरी गेला.

धाकटीनं गोदामवाल्यांना 'येत नाही' म्हणून कळवलं. पुढच्या सभेला ती आली तेव्हा संचालक मंडळ भिंतीला टेकून उभं होतं. खुर्च्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या. तिनं सगळ्यांकडे बघितलं, कोपऱ्यातून एक खुर्ची आणली, मांडली आणि बसली.

"आमच्या?" खजिनदार म्हणाले.

"तिथेच आहेत, आजोबा. मी माझी आणली."

बराच वेळ कोणी हललं नाही. मग नंबर दोन गेले. मग एकेक करून सगळे. अध्यक्षांची मी आणली, कारण इतिवृत्त वेळेत सुरू व्हायला हवं होतं. सभेला उशीर झाला, पण खुर्ची स्वतः आणली की माणूस सभेत जागा राहतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

तरुणांची लाट वगैरे काही आलेली नाही. अजून कोणी शेअर दिलेला नाही. दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दिलेला परत घेता येतो का. येत नाही म्हटल्यावर त्यांनी विचार पुढे ढकलला. पण मुलं आता शेडमध्ये दिसतात. बापाच्या नंबरावर का होईना, कोथिंबीर आणतात, कारण ती आधी मोजली जाते. हमालाच्या शेळ्या वाळल्या आहेत.

सकाळी हजेरी होते. मापारी "नंबर एक!" असं ओरडतो की रस्त्यावरची कुत्री उठतात. अध्यक्ष काठी टेकत येतात आणि म्हणतात, "हजर!" काट्यावर तेव्हा काहीही नसतं. मग परत जाऊन ते रांगेच्या शेवटी उभे राहतात, बटाट्यांजवळ. तिथे त्यांच्या आधीपासून युवा असतो, भोपळ्यांजवळ. शेअर गेला तरी भोपळे तोच आणतो, मुलीच्या नंबरावर. धाकटी म्हणते, आता तरी पालक लावा. तो म्हणतो, या वयात नवीन पीक?

आता दोघांचा नवा वाद सुरू झालाय. शेवटून पहिला कोण आणि दुसरा कोण.

"बटाट्याला कोंब येतात," अध्यक्ष म्हणतात. "नाजूक वस्तू आहे ती. भोपळ्याला काय होतं?"

"भोपळा सांगत नाही," युवा म्हणतो. "म्हणून त्याला काही होत नाही असं समजू नका."

वाद मंडळापुढे आला. धाकटीनं सूचना मांडली की एक पोतं बटाटे आणि एक भोपळा शेडच्या कोपऱ्यात ठेवावेत, जे आधी नासेल ते आधी मोजावं. नंबर दोननी अनुमोदन दिलं. त्यांना आता त्याची गोडी लागली आहे.

तेव्हापासून तो भोपळा आणि ते पोतं कोपऱ्यात आहेत. समोर दोन खुर्च्या आहेत, ज्याची त्यानं आणलेली. हजेरी झाली की दोघं तिथे जाऊन बसतात आणि आपला माल आधी नासावा म्हणून एकमेकांच्या मालाला शुभेच्छा देतात. कालपर्यंत दोन्ही उत्तम स्थितीत होते.